नांदेडचा पगार, लातूरचं पाणी

नांदेडहून लातूरला एसटीने निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावं मागे टाकत साधारण १४० किलोमीटर जावं लागतं. रेल्वेने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. नांदेडने राज्याला शंकरराव आणि अशोक चव्हाण हे दोन मुख्यमंत्री दिले. लातूर जिल्ह्याने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे दोन दिले. तरी या दोन शहरांना सरळ जोडणारा लोहमार्ग अजून झालेला नाही. उलट नव्या महसूल आयुक्तालयावरून २००९मध्ये जो वाद पेटला, तो आजही चहाच्या टपरीवर निघतो. नांदेडकराला लातूरबद्दल विचारा, तो म्हणेल, पोरांना शिकायला बरं. लातूरकराला नांदेडबद्दल विचारा, तो म्हणेल, दवाखान्याला बरं. महिन्याला घर चालवायला कुठं किती लागतं, हे मात्र कुणी पटकन सांगत नाही.

मला नेमकं तेच हवं होतं. माझी भाची नांदेडला टपाल खात्यात डाक सहाय्यक आहे. तिचा नवरा लातूरच्या एका डाळमिलमध्ये मुनीम. लग्न झाल्यापासून दोन गावांत दोन चुली. तिने लातूरला बदली मागायची की त्याने नांदेडला नोकरी शोधायची, यावर दोन्ही घरांत बराच खल झाला होता. शेवटी ती मला म्हणाली, "मावशी, तू फिरणारी बाई. तू दोन्हीकडं बघून ये, बाजारात विचार, घरं बघ आणि मला खरं काय ते सांग. हे सगळे आपापल्या गावची बाजू घेतात."

आधी पगाराचं बघू, कारण ते कागदावर आहे. डाक सहाय्यकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या चौथ्या स्तरात २५,५०० रुपयांपासून सुरू होतं. जुलै २०२५पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर त्याचे १४,७९० रुपये. हे दोन्ही आकडे नांदेडला, लातूरला, अगदी मुंबईलाही सारखेच. फरक पडतो घरभाडे भत्त्यात. केंद्र सरकारने शहरांचे तीन वर्ग केले आहेत. ५० लाखांच्या वरची लोकसंख्या पहिल्या वर्गात, ५ लाखांच्या वरची दुसऱ्या वर्गात आणि उरलेलं सगळं तिसऱ्या वर्गात. महागाई भत्त्याने ५० टक्क्यांची पायरी गाठल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४पासून, या तीन वर्गांना अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. २०११च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाख भरली आणि २०१५मध्ये शहर दुसऱ्या वर्गात गेलं. लातूरची भरली ३ लाख ८० हजारांच्या थोडी वर. ते तिसऱ्या वर्गातच राहिलं.

म्हणजे माझ्या भाचीला नांदेडला ५,१०० रुपये घरभाडं मिळतं. त्याच खुर्चीवर, त्याच कामाला, लातूरला २,५५० मिळेल. महिन्याला २,५५०, वर्षाला ३०,६०० रुपयांचा फरक. वरच्या स्तरावरच्या माणसाला तो अजून मोठा पडतो. मूळ वेतन ३५,४०० असेल तर महिन्याला ३,५४०. वाहतूक भत्त्यात फरक नाही, व्यवसाय कर राज्यभर एकच, महावितरणचा वीजदर एकच. तेव्हा सरकारी नोकराच्या दृष्टीने या दोन शहरांतला सगळा फरक या एका रकान्यात येऊन बसतो. राज्य सरकारचं वर्गीकरणही लोकसंख्येच्याच धर्तीवर चालतं. नियमाचं म्हणणं सरळ आहे: गाव जितकं मोठं तितकं घर महाग. हे कितपत खरं आहे, ते बघायला मी निघाले.

नांदेडच्या स्टेशनवर उतरलं की पहिल्यांदा पगड्या दिसतात. अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस आली की रिक्षावाले पंजाबीत हाका मारतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं इथं निर्वाण झालं. आजची तख्त सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली. २००८मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीचा सोहळा झाला. त्या निमित्ताने केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून पैसा आला, रस्ते रुंद झाले, गुरुद्वाराभोवतीचा परिसर मोकळा झाला. जुने नांदेडकर अजून 'गुरू-ता-गद्दीच्या आधी' आणि 'गुरू-ता-गद्दीच्या नंतर' अशीच वर्षं मोजतात, आणि जागांचे भाव सांगतानाही तीच रेघ मारतात.

खर्चाचा विचार करताना या शहरातली एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे लंगर. मी दुपारी पंगतीत बसले तेव्हा माझ्या एका बाजूला लुधियानाहून आलेलं कुटुंब होतं आणि दुसऱ्या बाजूला उमरखेडकडचे एक आजोबा. त्यांच्या सुनेचं डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. "पोरगं दवाखान्यात बसलंय. मी हितं जेवतो अन् त्याला डब्बा नेतो," ते म्हणाले. वाढणाऱ्या मुलाने त्यांना न विचारता दोन जास्तीच्या पोळ्या दिल्या. कुठल्याही खर्चाच्या तक्त्यात हा रकाना नसतो. पण ज्या शहरात कुणालाही, केव्हाही, जात-धर्म न विचारता पोटभर जेवण मिळतं, तिथं हातावर पोट असलेल्या माणसाचा वाईट आठवडाही उपाशी जात नाही. गावाहून शिकायला आलेली किती मुलं महिनाअखेरीला इथं येतात, ते सेवेकऱ्यांना चेहऱ्यांवरून ठाऊक असतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

नांदेडची कमाई दवाखान्यांवर आणि व्यापारावर चालते. डॉक्टर लेन, वजिराबाद, शिवाजीनगर या भागांत सकाळी दहाला उभं राहिलं की हिंगोली, परभणी, यवतमाळबरोबर तेलंगणातल्या आदिलाबाद, निर्मल, निजामाबादकडच्या गाड्यांच्या पाट्या दिसतात. औषधांच्या दुकानांत तेलुगू समजणारा एक तरी मुलगा ठेवलेला असतो. त्या मुलांचे पगार मात्र थोडके. बारा-तेरा तासांची ड्यूटी आणि दहा-बारा हजार रुपये, असं मला एकाहून अधिक दुकानांत सांगितलं गेलं. खासगी दवाखान्यातल्या नव्या नर्सलाही त्याच्याच आसपास मिळतं.

इथं कधीकाळी पक्क्या पगाराची मोठी जागा होती, ती म्हणजे उस्मानशाही मिल. निजामाच्या काळातली ही कापड गिरणी होती आणि तिच्या भोंग्यावर अर्धं गाव उठायचं. भोवताली कापूस पिकायचा आणि गावातच कापड निघायचं. राज्याच्या आर्थिक पाहणीत तेव्हा मोजक्या शहरांतल्या औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक वेगळा छापला जायचा, त्यांत नांदेडचं नाव असे. म्हणजे इथल्या गिरणी कामगाराला ज्वारी, तूरडाळ, रॉकेल काय भावाने पडतं, हे सरकार मोजत होतं, कारण त्यावर त्याचा महागाई भत्ता ठरायचा. गिरणी बंद पडली. आज औषधाच्या दुकानातल्या मुलाला किंवा कपड्याच्या दालनातल्या मुलीला नांदेडमध्ये जगायला काय लागतं, हे त्यांच्या पगाराशी जोडून कुणी मोजत नाही.

अमेरिकेत ही सोय आहे. तिथला आर्थिक विश्लेषण विभाग देशाची सरासरी १०० धरून प्रत्येक राज्याचा आणि महानगर क्षेत्राचा किंमतस्तर दरवर्षी जाहीर करतो. एखाद्या मध्यम शहरातली नर्स दुसऱ्या मध्यम शहरात नोकरी घेण्याआधी तो आकडा बघू शकते. तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचा स्थानिक भत्ताही त्या भागातल्या प्रत्यक्ष मजुरीच्या पाहणीवर ठरतो, डोकी मोजून नाही. आपले निर्देशांक एखाद्या ठिकाणचे भाव गेल्या वर्षीपेक्षा किती वाढले ते सांगतात. नांदेड महाग की लातूर, हा प्रश्न ते सोडवत नाहीत. म्हणून दारोदार विचारत फिरायचं.

घरं बघितली. तरोडा नाका, सिडको, भाग्यनगर, विष्णुपुरीचा रस्ता असे वेगवेगळे भाग धरले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याची सोय असलेलं बरं घर सहा-सात हजारांपासून नऊ-दहापर्यंत. सिडको-हडको स्वस्त, भाग्यनगर महाग. भाचीचे ५,१०० यात पुरत नाहीत, पण मोठा वाटा उचलतात. पाणी गोदावरीचं आहे. विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयातून ते शहराला येतं. उन्हाळ्यात ओढ लागते, नळाला रोज पाणी असतं असंही नाही, तरी एरवीच्या वर्षात नांदेडचा माणूस पाण्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढून ठेवत नाही. भाजी मुबलक, अर्धापूरची केळी गाडीवर स्वस्त. पेट्रोल महाग. परभणी-नांदेडकडे इंधन दुरून येतं, त्याची वाहतूक लिटरमागे ग्राहकाच्या खिशातून जाते आणि राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलच्या बातम्या याच पट्ट्यातून येतात. पण शहर आडवं पसरलेलं असलं तरी शेअर रिक्षा भरपूर आहेत. दहा-वीस रुपयांत कामावर जाता येतं.

लातूरची बस धरली. निम्म्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या बायकांनी ती भरली होती. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. लोह्याला चढलेल्या एका बाईची मुलगी लातूरला नीटची तयारी करते. ती दर पंधरा दिवसांनी लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी घेऊन जाते. "पुरं तिकीट असतं तर महिन्यातून एकदाच झालं असतं," ती म्हणाली. तिच्याशी बोलताना मला दोन शहरांमधला खरा व्यवहार कळायला लागला. त्यांच्या घरची सहा एकर कोरडवाहू. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत निम्मं पीक पाण्यात गेलं. उरलेलं काळं पडलं म्हणून व्यापाऱ्याने हमीभावाच्या बरंच खाली घेतलं. शिकवणीची वर्षाची फी लाखाच्या घरात. खोली आणि मेस वेगळी. ती बाई लातूरला राहत नव्हती, पण लातूरचा खर्च तिच्या लोह्याजवळच्या शेतातून जात होता.

लातूरमध्ये शिरलं की आधी गंजगोलाई बघावी. मधोमध गोल बांधणीची दुमजली इमारत, जगदंबेचं मंदिर, आणि भोवताली सोळा रस्ते फुटलेले. निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हा आराखडा केला. एका रस्त्याला सराफ, एकाला कापड, एकाला भुसार, असे व्यापार वाटून दिलेले. त्या काळात बैलगाड्या आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी या बाजाराला माल पुरवायची. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, पण बाजारपेठ म्हणून लातूर त्याच्या कितीतरी आधी मोठं होतं. तूर, हरभरा, सोयाबीन. इथल्या बाजार समितीत सौद्याच्या वेळी निघालेला भाव दुपारपर्यंत सोलापूर-अकोल्याला पोचलेला असतो.

जावई ज्या मिलमध्ये काम करतो तिथं मी अर्धा दिवस बसले. तूर येते, चाळली जाते, तेलाचं बोट लावून वाळवली जाते, भरडली जाते, फटका आणि सवा नंबर अशा डाळीच्या प्रती वेगळ्या होतात. पोती वाहणाऱ्या हमालांना पोत्यामागे दाम. हंगामात त्यांची कमाई मुनिमाच्या पगाराला मागे टाकते, उन्हाळा-पावसाळ्यात निम्म्याच्या खाली येते. निवडणीला बसलेल्या बायकांना रोज, तोही सगळ्यात कमी. एक बाई साठीच्या आसपासची. तिने सांगितलं की किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३नंतर, ती औसा तालुक्यातून शहरात आली ती कायमचीच. तेव्हापासून डाळीवरच घर चाललं. आपण जे निवडतो ते बोरसुरीच्या डाळीइतकं गोड नसतं, हेही तिने आवर्जून सांगितलं. निलंगा तालुक्यातल्या त्या डाळीला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. मिलच्या दारात किरकोळ डाळ घेतली तर नांदेडच्या दुकानापेक्षा किलोमागे थोडी स्वस्त पडते. तेवढाच काय तो लातूरच्या किराण्याचा फायदा. बाकी तेल, साखर, गहू, दूध यांत मला सांगण्यासारखा फरक सापडला नाही.

फरक पाण्यात आहे. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी २५ लाख लिटर घेऊन यायला लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता. त्याच वर्षी पावसाने मांजरा धरण भरलं आणि देश ती गोष्ट विसरून गेला. लातूर विसरलं नाही. मी घर बघायला जिथं जिथं गेले तिथं मालकाने भाडं सांगायच्या आधी बोअर सांगितला. किती फूट, मार्चला किती पाणी, टाकी किती लिटरची. २०२५च्या पावसात मांजरा काठोकाठ भरून वाहिलं, तरी महापालिकेच्या नळाचे दिवस ठरलेलेच आहेत, मधले दिवस साठवणीवर. औसा रोडच्या एका काकूंनी तर मला सरळ सुनावलं, "ताई, भाडं कमी-जास्त करता येतंय. पाणी कमी-जास्त करता येत नाही. आधी पाणी बघा, मग आमच्या घराला नावं ठेवा." प्यायला जारचं पाणी, वापरायला बोअरचं, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. या तिन्हींचा मिळून जो आकडा होतो, तो घरभाड्याच्या पावतीत कुठंच दिसत नाही.

आणि घरभाडं तरी कमी आहे का? औसा रोड, अंबाजोगाई रोड, खाडगाव रोड या भागांत मला जे सांगितलं गेलं, ते नांदेडच्या तशाच घरापेक्षा हजार रुपयांनीही कमी नव्हतं. खासगी शिकवण्यांच्या ट्यूशन एरियाजवळ तर जास्तच. कारण तिथं घर कुटुंबाला देणं मालकाला परवडत नाही. खोलीत तीन कॉट टाकल्या की प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं मिळतं. त्या खोलीचं महिन्याचं उत्पन्न टपाल खात्यातल्या बाईने दिलेल्या भाड्याच्या दीडपट-दुप्पट होतं. एक मालक अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "तुमच्या भाचीला नाही म्हणायचं जिवावर येतंय, पण पोरं येलालेत, पोरांना जागा पुरत नाही." शेजारच्या गल्लीत एक म्हातारं जोडपं स्वतः मागच्या खोलीत सरकलं होतं आणि पुढच्या तीन खोल्यांत नऊ मुली ठेवल्या होत्या. त्यांची सून त्या नऊ जणींचे डबे करते. त्या घराचं सगळं उत्पन्न एका परीक्षेवर उभं आहे.

राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं, दयानंद त्याहून जुनं. बारावीच्या गुणवत्ता यादीत इथली मुलं सतत झळकायला लागली, तेव्हा 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर गेलं. तो पॅटर्न कॉलेजांनी, प्राध्यापकांच्या ज्यादा तासांनी आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या सरावाने घडवला होता. नीट आली आणि तो बराचसा खासगी शिकवणीकडे सरकला. आज सकाळी सहाला सिग्नल कॅम्पच्या बाजूला उभं राहिलं तर पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींचा लोंढा संपता संपत नाही. ती परभणीची, बीडची, धाराशिवची, विदर्भातली, आणि हो, नांदेडचीही. नांदेडमध्येही मोठमोठे क्लासेस आहेत, तिथंही श्यामनगर-भाग्यनगरकडे कॉटच्या हिशेबाने खोल्या जातात. पण नांदेडला रुग्ण, यात्रेकरू, व्यापारी आणि विद्यार्थी असे चार प्रकारचे लोक येतात आणि ते शहराच्या वेगवेगळ्या भागांत उतरतात. लातूरला मुख्यतः विद्यार्थी येतो. वर्षभर राहतो, आणि ज्या दोन-तीन भागांत नोकरदार माणसाला घर हवं असतं तिथंच राहतो. लातूरच्या घरभाड्याचा आकडा लातूरकरांच्या पगारावर ठरत नाही. तो लोह्याच्या त्या बाईने मुलीसाठी किती पोटाला चिमटा घेतला यावर ठरतो.

शिकवणाऱ्यांच्या पगाराचं चित्र बघून मला वाईट वाटलं. याच शहरात नामांकित क्लासचा विषयशिक्षक कुठल्याही प्राध्यापकाला मागे टाकील इतकं कमावतो. याच शहरात राज्य सरकारचा प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षं महिना १६,००० रुपयांवर काम करतो, आणि तेही २०२३मध्ये वाढवून मिळालेले. त्याआधी ते ६,००० होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी, नेट-सेट झालेली तिशीतली माणसं मला दोन्ही शहरांत भेटली. शिकवलेल्या तासाचेच पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि तेही महिनोन्महिने उशिरा. त्यांच्यातल्या एकाने दोन्ही शहरांत शिकवलंय. त्याला विचारलं, कुठं परवडलं? तो म्हणाला, "नांदेडला राहिलो तेव्हा जेवणाची चिंता नव्हती. लातूरला संध्याकाळी शिकवणी मिळते. पगारावर दोन्हीकडं जगता येत नाही." मला या सगळ्या फिरतीत मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर होतं.

लातूरच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगायला हवी. शहराजवळ हरंगुळला रेल्वेचा डबे कारखाना उभा राहिलाय. २०१८मध्ये पायाभरणी झाली, २०२०च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला आणि आता वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायचं काम त्याच्याकडे आलंय. आयटीआयच्या मुलांच्या तोंडी त्याचंच नाव असतं. तो पूर्ण ताकदीने चालला तर डाळमिल, तेलगिरणी, दुकान आणि क्लास यांपलीकडचा पक्का पगार लातूरच्या पोराला पहिल्यांदा गावातच मिळेल. नांदेडने गिरणीबरोबर जे गमावलं ते लातूरला मिळायची शक्यता आहे, आणि ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण तो पगार आला की घरभाडं अजून वर जाईल.

परत आल्यावर भाचीपुढे सगळे कागद मांडले. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडं मिळून नांदेडला ४५,३९०, लातूरला ४२,८४०. घराचं भाडं जवळपास सारखं. किराणा सारखा. लातूरला पाण्यासाठी जार, टँकर आणि उन्हाळ्याची तजवीज धरून महिन्याला आठशे-हजार जास्तीचे. म्हणजे एकट्या माणसाने नांदेडहून लातूरला बदली घेतली तर तो महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास खाली येतो. नियम ज्याला स्वस्त शहर म्हणतो तिथं जाऊन. हा अन्याय आहे, आणि तो लातूरच्या प्रत्येक केंद्रीय नोकराच्या पगारपत्रकात दर महिन्याला घडतो. पोस्टमन, रेल्वेचा गँगमन, आयकर कार्यालयातला शिपाई. खालच्या स्तरावरच्या माणसाला तो जास्त लागतो, कारण त्याला बोअर असलेलं घर घेणं परवडत नाही आणि टँकर मात्र त्यालाच बोलवावा लागतो.

भाचीचा हिशेब एकटीचा नाही. जावई आज लातूरला कॉटच्या भाड्यावर राहतो, मेसचे तीन हजार देतो, शनिवार-रविवारच्या एसटीचे वेगळे. दोन चुलींची एक झाली तर तिचे गेलेले साडेतीन हजार भरून निघतात आणि वर थोडे उरतात. तिने बदलीचा अर्ज भरलाय. घर ट्यूशन एरियापासून लांब, बार्शी रोडच्या बाजूला बघायचं ठरलंय. जावयाला मी एकच काम दिलंय, जो कुणी घर दाखवेल त्याच्या शेजाऱ्याकडे जाऊन मे महिन्यात टँकर किती आले ते विचारायचं.

आता जनगणना यायची आहे, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. २००१ साली लातूर ३ लाखांच्या जवळ होतं, २०११ला ३ लाख ८० हजारांवर गेलं, आणि त्यानंतरची सोळा वर्षं मोजलीच गेलेली नाहीत. ५ लाखांची रेघ ते आता ओलांडेल असा शहरात सगळ्यांचाच अंदाज आहे. ओलांडली तर लातूरचा घरभाडे भत्ता नांदेडइतका होईल. मागच्या वेळी २०११च्या मोजणीवरून वर्ग बदलायला २०१५ उजाडलं होतं. भाचीने कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने २०३१ लिहिलं आणि तोवरच्या २,५५० रुपयांना महिन्यांनी गुणायला घेतलं.